मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास? ठाण्यातल्या ऑफिसात आलेला माझा अनुभव

आईला बहिणीकडे न्यूयॉर्कला पाठवायचं होतं. व्हिसा वगैरे सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण "विमानात एकूण किती तास" एवढ्या एका प्रश्नासाठी मला नौपाड्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात जे काही करावं लागलं ते आठवलं की अजून डोकं तापतं.

प्रश्न साधा होता. आईच्या गोळ्या ठरावीक तासांनी असतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की खरे तास लिहून आणा, मी त्याप्रमाणे वेळा बसवून देतो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम तिकिटावर आहे ना सगळं, रात्री 2 ला सुटतं, सकाळी 8 ला पोचतं. म्हणजे सहा तास? तर हो म्हणाला! अहो सहा तासात अमेरिका कशी येईल, सुटायची वेळ इथली आणि पोचायची तिथली, मधला फरक कोण धरणार? मग त्याने साहेबांना विचारलं, साहेब फोनवर, मी बाकावर. साहेबांनी साडेदहा तास मिळवून साडेसोळा सांगितले आणि प्रिंटवर पेनाने लिहूनही दिले. पण प्रवास एप्रिलमधला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तशीच राहतात, त्या काळात फरक साडेनऊचा, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. हे मी सांगितलं तर म्हणाले "आम्ही रोज तिकिटं काढतो." रोज काढता ना, मग पेशंटच्या औषधाचा प्रश्न आहे म्हटल्यावर एकदा कॅलेंडर तरी बघा! शेवटी मी तिथेच मोबाइलवर न्यूयॉर्कचं घड्याळ उघडून दाखवलं, तेव्हा कुठे कागदावरचा आकडा खोडून नीट लिहून मिळाला. तो कागद हातात आल्यावर जे बरं वाटलं ना, व्हिसा मिळाल्यावरही तेवढं वाटलं नव्हतं.

अंतरावरून तास काढायला जाऊ नका, फसाल. सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर, विमान ताशी 900 च्या आसपास, म्हणून लोक चौदा तास धरतात. पण जाताना वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून समोर येतात, येताना तेच मागून ढकलतात, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. शिवाय विमान सरळ रेषेत जाईलच असं नाही, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा कितीतरी मार्ग लांबले.

त्याच ऑफिसात आम्हाला लंडनवरून जाणारं स्वस्त तिकीटही दाखवलं होतं, "अंतर सारखंच आहे" म्हणून. ते खरंय, मुंबई-लंडन 7,200 आणि पुढे 5,500 च्या वर, म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. पण दोन उड्डाणांचेच सतरा-अठरा तास होतात, वर मधला थांबा वेगळा. वयस्कर माणसासाठी मी तरी डायरेक्टच घेईन, पैसे गेले तरी चालतील.

हां, आणि घरापासूनचे तास धरायला विसरू नका. रात्री 2 च्या विमानाला तीन तास आधी पोचायचं, घोडबंदर रोडवरून निघणाऱ्यांनी रात्रीचे ट्रक लक्षात घेऊन सहार विमानतळावर जायला भरपूर वेळ हातात ठेवा. म्हणजे आई घरातून निघून बहिणीच्या दारात पोचेपर्यंत जवळजवळ एक पूर्ण दिवस.

गोळ्यांचं म्हणाल तर डॉक्टरांनी आईला विमानात भारतीय वेळच पाळायला सांगितली, तिचं हातातलं घड्याळ आम्ही बदललंच नाही. तुमच्या डॉक्टरांना तुमचं विचारा. औषधं आणि प्रिस्क्रिप्शन हँडबॅगेतच ठेवा, आणि व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच सांगा, सांगितल्यावर ती तिकिटावर नोंदली गेलीय का तेही तिथेच उभं राहून बघा.