नुसत्या छोट्या जाहिरातींचा अंक जुळवताना

वर्षानुवर्षं निघत आलेल्या एका झीनचा, म्हणजे हौसेने स्वतःच छापून काढलेल्या छोट्या नियतकालिकाचा, अंक या वेळी मी जुळवला. त्यात लेख नाहीत, कविता नाहीत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त छोट्या जाहिराती. आलेल्या जाहिरातींचा खोका सोपवताना आधीच्या संपादकांनी एकच अट घातली होती: पाठवणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही.

कुणाला व्हायोलिनची नुसती पेटी हवी होती, व्हायोलिन नको. कुणी लिहिलं होतं, ‘पत्राने बुद्धिबळ खेळायला भिडू पाहिजे. सावकाश खेळणारा.’ मी आधी ‘पाहिजे’, ‘देणे आहे’, ‘हरवले’ असे मथळे पाडले. कच्ची प्रत वाचली तर अंकातला जीवच गेला होता. अशाने जो तो आपापल्या मथळ्यापुरतं वाचून अंक मिटणार. जाहिरातींच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा मिसळल्या, तेव्हा पेटीशेजारी बुद्धिबळ आलं आणि वाचावंसं वाटू लागलं.

सर्वांत जास्त वेळ पत्त्यांना दिला. एक आकडा चुकला की ती जाहिरात मेलीच. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली काढलेल्या विज्ञानकथा मासिकात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापून येत. त्या पत्त्यांवरूनच वाचक एकमेकांना लिहू लागले आणि पुढे स्वतःचे अंक काढू लागले. त्यामुळे प्रत्येक पत्ता मी दोनदा मोठ्याने वाचून ताडला.

पानं लावताना मात्र चुकले. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणजे सोळा पानांना चार कागद. पान १ च्या शेजारी १६ येतं, २ च्या शेजारी १५. बेरीज कायम १७. हे जमलं, पण मागची बाजू उलटी छापली गेली. दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटायचा असतो, हे तेव्हा कळलं. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. तो उघडून, खाली जाड पुठ्ठा ठेवून पिना मारल्या आणि त्यांची टोकं मागून हाताने दुमडली.

पहिल्या प्रती जाहिरात देणाऱ्यांना गेल्या. पुढच्या अंकासाठी सर्वांत आधी पोचलं ते बुद्धिबळवाल्यांचं कार्ड: ‘भिडू मिळाला. जाहिरात पुन्हा नको. अंक मात्र पाठवत राहा.’