तेराचा टी पुढं घेतलाय

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. संस्थेची मुलींची व्हीलचेअर बास्केटबॉलची टीम आहे, आणि त्या वर्षी टीमच्या दहा खुर्च्यांपैकी सहा खुर्च्यांना इतक्यांदा वेल्डिंग झालं होतं की वेल्डरनेच हात जोडले. खेळायची खुर्ची हॉस्पिटलातल्यासारखी नसते. तिची चाकं वरून आत आणि खालून बाहेर फाकलेली असतात, मागे कलंडू नये म्हणून एक छोटं चाक असतं, ढकलायला हँडल नसतात आणि ब्रेकही नसतो. आपल्याकडे बनलेली साधी खुर्ची आमच्या कोटेशनमध्ये ६८,००० रुपयांची होती. सहा म्हणजे ४,०८,०००. शिवाय प्रवासखर्च वेगळा.

विश्वस्तांच्या बैठकीत एकजण म्हणाले, "गोल्फ ठेवू या." ते स्वतः खेळतात. बाकीचे गप्प. मीही गप्प, कारण माझ्या डोक्यात एवढंच आलं की ७० खेळाडू गुणिले ७,००० प्रवेश फी म्हणजे जवळपास पाच लाख, काम फत्ते!

पुढच्या महिन्याभरात ते पाच लाख माझ्या डोळ्यांदेखत विरघळले. कोर्सचं भाडं आणि खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींचे पैसे मिळून माणशी ४,०००. नाश्ता, जेवण, टी-शर्ट, टोपी, ट्रॉफ्या, फलक, साउंड. शेवटी हिशेब मांडला तेव्हा खेळायला आलेल्या ६८ जणांकडून ४,७६,००० जमले होते आणि खर्च झाला होता ५,६१,९६०. म्हणजे खेळणाऱ्यांच्या पैशात त्यांचा खेळसुद्धा भागत नव्हता. टीमसाठी जे उरलं ते मुख्य प्रायोजकाकडून, एकेका होलवर, म्हणजे कोर्सच्या अठरा भागांपैकी एकेकावर, २५,००० देऊन आपली पाटी लावणाऱ्या अकरा दुकानदार-कंपन्यांकडून आणि मलिगनमधून. मलिगन म्हणजे चुकलेला फटका ५०० रुपये देऊन परत मारायचा परवाना. नियमांच्या पुस्तकात असलं काही नाही, पण धर्मादाय गोल्फमध्ये चालतं. ६३ खपले. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीला अशी सोय नाही, त्यामुळे लोक आनंदाने घेतात.

आणखी एक डोकेदुखी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या पावतीची. "सात हजारांची पावती द्या ना, ८०जीची," असं निम्म्या लोकांनी सांगितलं. त्यांना समजावून माझा घसा बसला: साहेब, तुम्ही खेळलात, जेवलात, टी-शर्ट नेलात, याच्या बदल्यात दिलेले पैसे देणगी होत नाहीत. त्यावर एका गृहस्थांनी टी-शर्ट परत करायची तयारी दाखवली.

तेराव्या होलवर गाडी होती. एका शोरूमने बारा लाखांची गाडी फीत बांधून उभी केली होती: इथं जो होल-इन-वन मारेल, म्हणजे टीवरून, होल जिथून सुरू करतात त्या जागेवरून, पहिल्याच फटक्यात चेंडू थेट खड्ड्यात घालेल, त्याला ही गाडी. मला वाटलं शोरूमवाल्यांचं काळीज मोठं आहे. तसं नसतं. त्याचा विमा उतरवतात. विमा एजंट म्हणाला, हौशी खेळाडूला असा फटका लागायची शक्यता साडेबारा हजारांत एक धरतात. मी कागदाच्या कडेला आकडेमोड केली: सगळ्या अठरा चौकड्या भरल्या तर ७२ खेळाडू, भागिले १२,५००, गुणिले बारा लाख, म्हणजे सात हजारसुद्धा नाहीत. प्रीमियम २२,०००. हा धंदा आपण का करत नाही, असं क्षणभर वाटून गेलं.

पॉलिसीला अटी होत्या. टीपासून खड्ड्यापर्यंतचं अंतर किमान १५० यार्ड हवं. त्या होलवर मलिगन चालणार नाही. खेळणाऱ्या चौकडीबाहेरचे दोन सज्ञान साक्षीदार हवेत. आदल्या संध्याकाळी शोरूमचा माणूस आणि मी लेझरच्या दुर्बिणीतून मोजून आलो, १६२ यार्ड. टीवरच्या दोन निळ्या खुणांशेजारी उभं राहून फोटो काढला. साक्षीदार म्हणून टीच्या बाजूला रस्त्याकडेला आमची कॅप्टन बसणार आणि दुसरा म्हणजे ग्रीनजवळचा, खड्ड्याभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळचा, आगेवाला, चेंडू कुठं पडतो ते पुढं उभं राहून बघणारा पोऱ्या.

रात्री परतीचा पाऊस आला आणि तासभर कोसळला.

सकाळी सहाला पोचले तर अंधारात कॅडींची गर्दी, नंबरांचे बिल्ले, पिशव्यांची खडखड. शॉटगन स्टार्ट होता. सगळे एकाच वेळी सुरू करतात, पण प्रत्येक चौकडी वेगळ्या होलवरून, त्यामुळे सगळे एकदमच संपवतात आणि एकदमच जेवायला येतात. नावात बंदूक असली तरी आमच्याकडे भोंगा होता. माझ्या एका हातात यादी, दुसऱ्या हातात मलिगनची कुपनं, खांद्यावर पैशाची पिशवी. नाश्त्याची गाडी अजून आली नव्हती. अठरा होलपैकी तीन ठिकाणी चहा-सरबताची टेबलं लावायची होती: पाचावर, नऊवर आणि तेरावर.

एवढ्यात कॅडीमास्तर आले. साठीचे, सडपातळ, गळ्यात शिट्टी. म्हणाले, "मॅडम, तेराचा टी पुढं घेतलाय हं. मागं चिखल झालाय."

मी यादीतून मान वर न करता म्हणाले, "बरं केलंत. गरम राहील तेवढं बघा."

ते क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. आपल्यापाशी लोक इतके विचित्र बोलत असतात की सगळ्यांचा अर्थ लावत बसलं तर कॅडीमास्तरकी होणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

पावणेसातला भोंगा झाला. नंतरचे दोन तास मी गुणांच्या टेबलाशी होते आणि खरं सांगायचं तर मजेत होते. बऱ्याच जणांकडे हँडिकॅपच, म्हणजे खेळाच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सवलतच, नव्हती, म्हणून डबल पेओरिया लावलं होतं. अठरातले बारा होल गुपचूप निवडून पाकिटात सील करायचे. खेळ संपल्यावर त्या बारांचे फटके घ्यायचे, दीडपट करायचे, त्यातून ७२, म्हणजे अठरा होलचे ठरलेले फटके, वजा करायचे, उरेल त्याचे ऐंशी टक्के म्हणजे त्या माणसाची त्या दिवसाची सवलत. कोणते होल निवडलेत ते माहीत नसल्याने कुणाला लबाडी करता येत नाही. गोल्फमधली ही एकच गोष्ट मला पहिल्या झटक्यात कळली.

नऊ-सव्वानऊला तेराच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. मग फोन, कॅप्टनचा. "ताई, गेला! आत गेला! मी बघितला!"

चौकडीत होते दातांचे डॉक्टर, पन्नाशीचे, हँडिकॅप २४. चेंडू ग्रीनच्या अलीकडे टप्पा खाऊन एक वळण घेऊन सरळ खड्ड्यात. आगेवाला पोऱ्या धावत जाऊन आत डोकावला आणि जागेवरच नाचायला लागला. मी पोचले तेव्हा डॉक्टर फीत बांधलेल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बायकोशी बोलत होते, स्पीकरवर.

"अगं, गाडी लागली!"

"अगंबाई! कुठं लागली? तुम्हाला लागलं का कुठं?"

"मला नाही गं, मला लागली, गाडी!"

"म्हणजे चूक तुमचीच होती?"

सगळे हसून लोटपोट. कॅप्टन मात्र हसत नव्हती, ती फॉर्म भरत होती. वेळ, खेळाडू, चेंडूचा शिक्का. चेंडू तिने पुराव्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता. अंतराचा रकाना तेवढा रिकामा ठेवला होता. "ते तुम्ही मोजलंय ना ताई, तुम्ही भरा." मी म्हटलं, सावकाश भरते.

गोल्फमध्ये रिवाज आहे, होल-इन-वन मारणाऱ्याने क्लबातल्या सगळ्यांना पाजायचं. अकरानंतर सगळे बारमध्ये जमले आणि डॉक्टरांनी हात वर करून सांगितलं, "सगळ्यांचं माझ्याकडून." बारा लाखांची गाडी मिळाल्यावर माणूस हिशेब कशाला ठेवील? तो फटका त्यांनी निदान आठ वेळा तरी सांगितला असेल. दर वेळी टप्पा थोडा लांब पडत होता.

नवव्या वेळी त्यांचे एक जुने भिडू म्हणाले, "कुठल्या क्लबने मारलास?" क्लब म्हणजे इथं काठी.

"सात नंबर."

"१६२ ला सात नंबर? तू?"

हसण्यावारी गेलं. पण शोरूमचा माणूस माझ्या शेजारीच उभा होता आणि तोही थोडंफार खेळतो. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याने मला सांगितलं की एवढ्या लांब जायला डॉक्टरांना पाच नंबर तरी लागला असता, सातने चेंडू इतका जातच नाही. कुणाची तरी लेझर दुर्बीण मागून आम्ही दोघं चालत तेरावर गेलो. त्याने डोळ्याला लावली, काढली, काच पुसली, परत लावली.

"१४१."

निळ्या खुणा एकवीस यार्ड पुढे होत्या. मागे, काल आम्ही फोटो काढला तिथं, अजून पाणी साचलेलं आणि माळ्याच्या बुटांचे ठसे. त्या ठशांकडे बघताना माझ्या कानात सकाळचं वाक्य परत वाजलं. तेराचा टी पुढं घेतलाय. मागं चिखल झालाय. कॅडीमास्तर चहाबद्दल बोलतच नव्हते.

त्या वेळी मला हसू आलं नाही. पोटात खड्डा पडला.

गुणांच्या टेबलामागे आम्ही चौघं उभे, विश्वस्त, शोरूमचा माणूस, मी आणि बसलेली कॅप्टन. विश्वस्त हळू आवाजात म्हणाले, "कालचा फोटो आहे ना १६२ चा? फॉर्मवर तोच आकडा जाईल. खुणा मागे घ्यायला किती वेळ लागतो? विमा कंपनीचं काय जातंय." शोरूमचा माणूस काही बोलला नाही, त्याला तर गाडी खपलेलीच हवी होती. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं होतं. चूक माझी, गाडी डॉक्टरांची, पैसे तिसऱ्याचेच. एक आकडा लिहायचा होता.

कॅप्टन म्हणाली, "खाली सही माझी आहे ताई."

मग तिने विश्वस्तांना समजावलं, अगदी शांतपणे, एखाद्या नवीन पोरीला समजावतात तसं. मॅचच्या आधी पंच येऊन सीटची उंची मोजतात. खेळाडूच्या वर्गाप्रमाणे ५८ किंवा ६३ सेंटिमीटर. गादीसकट. एक सेंटिमीटर जास्त भरलं तरी ती खुर्ची तशी आत जात नाही. गेल्या वर्षी तिचीच भरली होती, नव्या गादीमुळे. जुनी, बसलेली गादी घालून खेळली ती. "तेव्हा मी पंचांना म्हटलं नाही की काल मोजली तेव्हा बरोबर होती."

विश्वस्तांनी घसा खाकरला. मी रकान्यात १४१ लिहिलं.

डॉक्टरांना सांगायला मीच गेले. गाडीपाशी बोलावलं, सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. ते बराच वेळ फितीच्या गाठीकडे बघत राहिले.

"पण होल-इन-वन खरा ना?"

"खरा. त्याला यार्डाची अट नाही."

"सर्टिफिकेट?"

"क्लब देणार."

"आणि बार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बार मात्र खराच होता. बिल ३८,४०० आलं आणि त्यांनी ते भरलं, दात ओठ खाऊन. दातांच्या डॉक्टरांबद्दल हे लिहू नये, पण तसंच झालं. घरी फोन करताना स्पीकर बंद होता.

मंगळवारी विमा कंपनीचं उत्तर आलं, अपेक्षित तेच. शोरूमने दिलगिरी म्हणून डॉक्टरांना तीन वर्षं मोफत सर्व्हिसिंगचं कूपन पाठवलं. जी गाडी मिळालीच नव्हती तिचं. त्या कूपनाचा फोटो त्यांनी मला पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता. दहा-बारा दिवस फोन उचलला नाही. मग मेसेज आला: "चेंडू तरी परत द्या." कॅप्टनने पिशवीसकट जपून ठेवला होता. मी तो क्लबात नेऊन दिला. लाकडी ठोकळ्यावर बसवून दवाखान्यात ठेवणार होते म्हणे. खाली तारीख, होल क्रमांक आणि १४१ यार्ड, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. डॉक्टरांना माझा राग आहे की नाही ते मला अजून नक्की कळलेलं नाही. दाढ दुखली तर कळेल.

खर्च वजा जाता टीमला ४,२०,५४० मिळाले. सहा खुर्च्यांचे ४,०८,००० गेले आणि उरलेल्या १२,५४० मध्ये रेल्वेची तिकिटं जेमतेम बसली. खुर्च्या लगेजच्या डब्यातून न्यायचं भाडं पुढच्या महिन्यात दाखवलं, ऑडिटरने विचारलं तर सांगेन.

क्लबचं शेवटचं बिल चुकवायला गेले तेव्हा कॅडीमास्तर झाडाखाली बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही सकाळी सांगितलं होतंत, माझंच लक्ष नव्हतं. मला वाटलं चहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलं. "तरीच! गरम राहील तेवढं बघा म्हणालात ते..." आणि ते इतके हसले की शिट्टी गळ्यात उड्या मारायला लागली. दोन मिनिटांत ते सगळ्या कॅडींना कळलं होतं.

परवा पुढच्या वर्षीची तारीख विचारायला गेले होते. फाटकापासच्या कट्ट्यावरून एका पोराने कटिंगचा ग्लास उंचावून विचारलं, "मॅडम, टी पुढं घेऊ का?"