दीड किलोचा टॅब्लेट

माझा टॅब्लेट आता म्हातारा झालाय. म्हणजे खरंच झालाय, वायर काढली की अर्धा तास पण धड चालत नाही, अपडेट यायचं कधीच बंद झालं आणि मोठी पीडीएफ उघडली की पान उलटायच्या आधी जरा विचार करतो. तर नवीन टॅब्लेट घ्यायचा की टॅब्लेटसारखाही वापरता येणारा कन्व्हर्टिबल लॅपटॉप घेऊन दोन्ही कामं एकातच उरकायची, यावर मी दोन महिने डोकं खाल्लं, स्वतःचं आणि घरच्यांचं पण.

माझं काम प्रूफं तपासायचं. पानावर पेनने खुणा करायच्या, मग त्याच दुरुस्त्या टाइप करून पाठवायच्या. त्यामुळे स्क्रीनवर लिहिता येणं ही माझी हौस नाही, गरज आहे.

पहिला घोळ असा की कन्व्हर्टिबल या नावाखाली दोन वेगळ्याच गोष्टी विकतात. एक म्हणजे ३६० अंशात बिजागरी फिरून कीबोर्ड पाठीमागे जाणारा, २०१२ मधे लेनोवोच्या योगाने जो प्रकार गाजवला तो. आणि दुसरा मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारखा, ज्यात सगळा कॉम्प्युटर स्क्रीनमधेच असतो, कीबोर्ड काढून बाजूला ठेवता येतो आणि मागे एक स्टँड उघडतं. कागदावर दुसराच टॅब्लेटच्या जवळचा वाटतो आणि मी तोच घेणार होते, पण एका ओळखीच्यांकडे होता तो मांडीवर घेऊन बसले तर स्टँडची कड मांडीत रुतायला लागली, आणि जरा गुडघा हलवला की स्क्रीन मागे कलंडायची. टेबलावर झकास चालेल, पण मी टेबलावर बसून काम करते कधी!

राहिला बिजागरीवाला. आता याचं वजन. १४ इंची घेतला तर साधारण १.३ ते १.५ किलो, आणि माझा टॅब्लेट अर्ध्या किलोच्या आतला. स्पेसिफिकेशनमधे १.४ वाचून काही कळत नाही हो, म्हणून मी घरातला जाडा शब्दकोश स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तो १ किलो ३८० ग्रॅम भरला, आणि तो उताणं झोपून एका हातात धरून वाचायला घेतला. चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला तो छातीवर होता. शिवाय हा प्रकार उलटा दुमडला की कीबोर्ड मागच्या बाजूला येतो, तो आपोआप बंद होतो हे खरंय, पण बोटांखाली ती बटणं दबत राहतात आणि ते फार विचित्र वाटतं, दात मोजल्यासारखं.

पण मग मी पट्टी काढली आणि मत बदललं. ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो. माझा १० इंची टॅब्लेट उभा धरला की रुंदी जेमतेम साडेतेरा, म्हणजे अनुस्वार आहे की स्क्रीनवर धूळ आहे हे कळायला मला दर वेळी झूम करावं लागतं. १४ इंची १६:१० स्क्रीन (म्हणजे लांबी १६ भाग तर रुंदी १० भाग) उभी केली की पावणेएकोणीस सेंटीमीटर मिळतात, पान जवळजवळ खऱ्या मापात दिसतं. तेच १६:९ घेतली तर साडेसतराच्या आत, लांबुडकी पट्टी नुसती. त्यामुळे तुमचं काम पानांचं असेल तर प्रोसेसरच्या आधी हे बघा, प्रोसेसर आजकाल एवढ्या कामाला सगळेच पुरतात. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, मात्र १६ जीबी घ्या, बहुतेकांमधे ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

पेनचं एक. कुठलंही पेन कुठल्याही स्क्रीनवर चालत नाही, मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल, म्हणजे पेन आणि स्क्रीनची आपसातली भाषा, वेगळा, वॅकॉम या पेनवाल्या कंपनीचा वेगळा, क्रोमबुकवाल्यांचा (गूगलच्या सिस्टिमवर चालणारे लॅपटॉप) यूएसआय अजून वेगळा. आणि दुकानात सही करून बघू नका, सही सगळीकडे छानच येते. पट्टी लावून तिरकी रेघ हळूऽऽ ओढा. मी बघितलेल्या एका मशीनवर ती रेघ चक्क सापासारखी वळवळत गेली, दुकानदार म्हणाला तुमचा हात हलतोय. अहो पट्टी धरलीये ना मी!

तर शेवटी १४ इंची, १६:१०, बिजागरीवाला घेतला. मांडीवर दुमडून खुणा करताना मस्त वाटतं, आणि टाइप करायला परत उघडला की झालं. एक त्रास आहे, झाकण नुसतं मिटून बॅगेत टाकला तर आत तो अर्धवट जागाच राहतो, दुसऱ्या दिवशी बॅग कोमट आणि बॅटरी खाली. म्हणून सेटिंगमधे जाऊन झाकण मिटलं की हायबरनेट, म्हणजे चालू काम जपून ठेवून पूर्ण बंद, असं करून टाकलं, आता उघडताना काही सेकंद थांबावं लागतं, टॅब्लेटसारखं बोट लावलं की हजर असं नाही.

आणि टॅब्लेट? तो आहे अजून. उशाशी, कायमचा वायरला बांधलेला. झोपताना वाचायला तोच लागतो. फक्त वायर आखूड आहे, त्यामुळे डाव्या कुशीवरच वाचता येतं.