चाल –

"मामा, हे पण ढापलेलंच की!"

भाचीनं बोट ठेवलं होतं आजोबांच्या 'संगीत सौभद्र'च्या जीर्ण प्रतीवर. पदाच्या डोक्यावर छापलेलं, 'चाल –', आणि पुढे कुठल्यातरी त्याहून जुन्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द.

सकाळीच तिच्या मोबाइलवर एक रिमिक्स ऐकून मी बोललो होतो, "तुमच्या पिढीला नवं काही सुचतच नाही." आता गप्प बसलो.

१८८२ साली रंगभूमीवर आलेलं नाटक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी चाली घेतल्या. १९११च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीचा ढंग आणला. तरी ती पदं आपण आपलीच म्हणून गुणगुणतो. माझी आई तर पोळ्या लाटताना गायची.

पण तो 'चाल –' शब्द डोक्यातून जाईना. उसनं घेतलं ते तिथेच, पदाच्या माथ्यावर, सांगून टाकलेलं.

संध्याकाळी सकाळच्या त्या रिमिक्सखाली मूळ संगीतकाराचं नाव शोधलं. खालपर्यंत गेलो. नव्हतं. मला सकाळी खटकलं होतं ते बहुतेक हेच, फक्त तेव्हा नीट सांगता आलं नाही.

भाचीनं मग स्वतःच ते नाव शोधून काढलं आणि मूळ गाणं लावलं. दोघांनी दोनदा ऐकलं.

तुमच्या घरी आहेत का अशी 'चाल –' छापलेली पुस्तकं?