बडोदा, १/७२

पंखांचा ग्लू वाळेपर्यंत करायला काही नसतं. दुपारी दोन वाजता बडोद्यात तसंही कुणाला काही करायचं नसतं. टेबलावर स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, पंखांखाली टेकूला होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डब्या, आणि समोर एक डोळा मिटून मी. पंख मुळाकडून टोकाकडे किंचित वर चढत जायला हवेत, डावा-उजवा अगदी सारखे. जरा इकडचं तिकडे झालं की आयुष्यभर तेच दिसत राहतं.

"अहो, जेवायला येताय की उडालात?" आतून आवाज.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, काकाही असाच एक डोळा मिटायचे, दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर. गेंडीगेटहून काचेची खळ पाजून आणलेली दोरी, फिरकी माझ्या हातात (धाकट्याच्या नशिबी फिरकीच). पतंग आणला की काका तो लगेच उडवायचे नाहीत. आधी डोक्यावर धरून कमान हलकेच वाकवायची, मग ढढ्ढा (मधली उभी काडी) सरळ आहे का ते उन्हात न्याहाळायचं, मग दोरी जोडायला किन्ना बांधायचा. एक बाजू जड निघाली तर दुसरीकडे कागदाचा कपटा भाताच्या शितानं चिकटवायचा. तोवर शेजारच्या गच्चीवर दोन पेच होऊन गेलेले. मी कासावीस. काका म्हणायचे, "त्यांना ओरडायचंय, आपल्याला उडवायचाय."

वाऱ्यात कमान मागे वाकते, म्हणून पतंग एका अंगाला कलला तरी सावरतो. स्पिटफायरच्या पंखांचा तो चढ हेच काम करतो. काकांना हे सांगितलं असतं तर "मग? त्यात काय नवं?" म्हणाले असते आणि पुन्हा डोळा मिटला असता.

स्पिटफायर जगात सगळेच करतात. एअरफिक्स या मॉडेलच्या किट काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं १९५३ साली विमानांच्या किटची सुरुवातच स्पिटफायरनं केली. माझं मात्र आमच्या गावचं आहे. युद्धात ब्रिटिश हवाई दलानं पैसे देणाऱ्यांची नावं विमानांना आणि तुकड्यांना दिली. एका स्पिटफायरची देणगी ठरली होती ५,००० पौंड. त्यात १२४ क्रमांकाची तुकडी झाली 'बडोदा'. मे १९४१ मध्ये ती उभी राहिली स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, कॅसलटाउनला. तिथे जानेवारीत गच्चीवर कोण चढणार! पण बडोदा तिथे होतं.

या तुकडीकडे पुढे सहाव्या मार्कची, म्हणजे सहाव्या आवृत्तीची, स्पिटफायर आली. फार उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठायला काढलेली. वरची हवा विरळ, म्हणून पंख लांबवून टोकदार केलेले, पंखा चार पात्यांचा. मी साधा पाचव्या मार्कचा किट घेतला आणि टोकं प्लास्टिकच्या पत्र्यातून कापली. खऱ्या विमानाचा पंखविस्तार मीटरभर वाढला होता, माझ्या टेबलावर प्रत्येक बाजूला ७ मिलीमीटर. एवढ्याशा तुकड्यासाठी पॉलिशपेपर घासत बसलेला माणूस पाहून घरच्यांना काय वाटतं, ते मी विचारत नाही.

आतली सीट, पट्टे, घड्याळांचा फळा हे सगळं रंगवून झालंय. उरलं ते वरचं पारदर्शक झाकण. ते बसवलं की आतलं काही धड दिसत नाही आणि केलेली मेहनत बाद. माझ्या जुन्या कुठल्याच विमानाचं झाकण मी चिकटवलेलं नाही. नुसतं वर ठेवतो, नातवंडं उचलतात, हरवतात, पलंगाखालून शोधून आणतात.

सहाव्या मार्कचं खरं झाकण उडताना सरकायचं नाही. आत दाब धरून ठेवायचा म्हणून वैमानिक बसला की जमिनीवरची माणसं ते वरून पक्कं बसवायची. संकटात अख्खं उडवून देता यायचं. थोडं मागे सारून वारा घ्यावा, ही सोय नव्हती. आत बहुतेक विशी-बाविशीतली पोरं. त्या वयाचा आमच्याकडचा एक अजून हेल्मेटचा पट्टा लावत नाही, मान अवघडते म्हणतो.

म्हणजे याचं तरी झाकण चिकटवायला हवं. मॉडेल खरं व्हायचं तर तेच बरोबर. पण नाही चिकटवत. आत धूळ जाईल, जाऊ दे.