इम्युनोलॉजी पाठ करणं सोडलं तेव्हा कुठे कळायला लागलं

पीजीच्या पहिल्या सेमला इम्युनोलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा विषय, आला आणि मी सीडी नंबर (पेशींवरच्या खुणांचे क्रमांक), सायटोकाइन्स (पेशी एकमेकींना निरोप म्हणून सोडतात ती प्रोटीन्स) सगळं तक्ते करून पाठ करायला घेतलं, आणि पहिल्या इंटर्नलला प्रश्न काय आला तर शरीराने कधीच न बघितलेल्या जंतूसाठी अँटीबॉडी (जंतूला चिकटणारं प्रोटीन) कुठून येते? पेन तिथेच थांबलं. मार्क गेले ते गेले, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

मग तिथूनच सुरुवात केली. प्रत्येक अँटीबॉडीला वेगळा जीन नसतोच, व्ही, डी, जे अशा गटांतले तुकडे असतात, आणि बी सेल (अँटीबॉडी बनवणारी पेशी) तयार होताना प्रत्येक गटातला एकेक तुकडा घेऊन चक्क डीएनए कापून जोडला जातो, हेच व्हीडीजे रिकॉम्बिनेशन. अँटीबॉडीत दोन प्रकारच्या साखळ्या असतात, मोठी हेवी चेन आणि लहान लाइट चेन. कागदावर गुणाकार केला: हेवी चेनचे कामाचे व्ही साधारण 40, डी 23, जे 6, म्हणजे 5,520 जोड्या, त्याला लाइट चेनच्या 300-320 जोड्यांनी गुणलं की साधारण 16.5 ते 17.7 लाख! वर जोडताना सांध्यावर बेसेस (डीएनएची अक्षरं) कमीजास्त होतात, त्याने हा आकडा कितीतरी पटींनी वाढतो. शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावांनी 1976 मध्ये दाखवलं की उंदराच्या भ्रूणात हे तुकडे लांब लांब असतात आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीत जवळ आलेले असतात. म्हणजे जंतू येऊन पेशीला काही शिकवत नाही, जुळणारी पेशी आधीच असते, तो फक्त तिला जागं करतो आणि ती वाढते. हे उमजलं त्या रात्री मला झोप नाही लागली.

एमएचसीला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर प्रोटीनचे तुकडे धरून दाखवणाऱ्या रेणूंना, परत अडकलो. क्लास वन सीडी8 खूण असलेल्या टी सेलला (ही दुसऱ्या प्रकारची रोगप्रतिकारक पेशी), क्लास टू सीडी4 वाल्या टी सेलला, 1 गुणिले 8 आणि 2 गुणिले 4, दोन्हीकडे आठ, ही युक्ती सगळ्यांना येते, पण *का* ते 1974 चा झिंकरनागेल आणि डोहर्टींचा प्रयोग स्वतः काढून बघितल्यावर कळलं. व्हायरस तोच, पण उंदराचे टी सेल आपल्यासारखाच एमएचसी असलेली बाधित पेशी मारतात, दुसऱ्या जातीच्या उंदराची सोडून देतात. टी सेल नुसता जंतू बघत नाही, आपल्या एमएचसीत धरलेला त्याचा तुकडा बघतो.

सायटोकाइन्स शेवटी केले, तोवर ते आपोआप जागेवर बसत होते.

व्हायवाला विचारलं, एअर (AIRE) जीन बिघडला तर? थायमसमध्ये (छातीतल्या ज्या ग्रंथीत टी सेल तयार होतात तिथे) इतर अवयवांची प्रोटीन्स दाखवलीच जाणार नाहीत, मग त्यांच्यावर उठणारे टी सेल मरायचे ते सुटतील आणि शरीराच्याच ग्रंथींवर हल्ला करतील, मी म्हणालो. कुठल्याच तक्त्यात नव्हतं हे.