टाइल्सच्या आधी भिंत

खानापूरचं आमचं घर आजोबांच्या काळातलं. विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, त्यावर मागाहून कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. स्वयंपाकघरात टाइल्स लावायचं ठरलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "टाइल चिकटवायचं केमिकल न्या, आहे त्या गिलाव्यावरच बसतील."

मेस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली. वर टणक आवाज, कमरेखाली नुसता बद्द. "बगा की, गिलावा विटेला धरलेलाच न्हाई. टाइल गिलाव्याला चिकटंल, आनि दोनी मिळून खाली येतील." टाइलचं वजन चौरस फुटाला दीड किलोच्या घरात, त्यामुळे मला ते पटलं.

बद्द वाजणारा सगळा भाग फोडला. आत विटांवर लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, बोट लावलं की पिठासारखा गळणारा. ओल पलीकडच्या न्हाणीच्या फुटक्या पायपातून येत होती. आधी तो पाइप बदलला, मग भिंत उघडीच वाळू दिली. घरातल्यांची कुरकुर इथेच जास्त झाली, पण खानापूरच्या पावसाळ्यात हे काम काढलं नाही हेच नशीब. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून काढला. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा विटेत मुरतात.

सांधे अर्धा इंच खोल खरवडले, विटा भिजवल्या. माल निव्वळ सिमेंटचा नको, हे मेस्त्रींचंच म्हणणं: जुन्या मऊ विटेवर कडक गिलावा टिकत नाही. म्हणून एक भाग सिमेंट, एक चुना, सहा चाळलेली वाळू. खोल खड्ड्यांत दोन थर दिले. पहिला ओला असतानाच थापीच्या टोकाने ओरखडला, म्हणजे दुसऱ्याला पकड मिळते. जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यावर कोंबडीजाळी. ओळंबा आणि पट्टी लावून पातळी घेतली आणि लाकडी रंध्याने येणाऱ्या खरबरीत पृष्ठभागावरच थांबलो. टाइलखाली गुळगुळीत भिंत काय कामाची?

वरचा टणक भाग फोडला नाही, पण त्यावर ऑइल पेंट होता. तो खरवडून एकमेकांजवळ टाचे, म्हणजे टाइलला पकड मिळावी म्हणून छिन्नीचे छोटे खड्डे, मारून घेतले. कंटाळवाणं काम, कानात दिवसभर टकटक.

आठवडाभर पाणी मारलं, मग भिंत पूर्ण सुकू दिली. टाइल्स लावायला त्यानंतर फार वेळ गेला नाही. खाली सरळ पट्टी ठोकून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली, कारण जुन्या घराची जमीन कुठली समतल असायला!